झेडलिब: स्वतःची प्रत की सिस्टीमची?

झेडलिबसारखी, डेटा कॉम्प्रेस करणारी छोटी लायब्ररी थेट आपल्या रेपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) कॉपी करून ठेवली की बिल्ड कुठेही चालतो, आवृत्तीही आपल्या हातात. पण २००२ मध्ये झेडलिबमध्ये एकच मेमरी दोनदा फ्री होण्याचा बग सापडला. सिस्टीमची, सगळ्या प्रोग्राम्सना सामायिक असलेली लायब्ररी वापरणाऱ्यांचं एका अपडेटमध्ये भागलं. प्रती बाळगणारे प्रोग्राम मात्र एकेक हुडकून पुन्हा बिल्ड करावे लागले. डेबियन या लिनक्स वितरणाचं धोरण अशा प्रतींना नाक मुरडतं, ते उगीच नाही.

पण क्रोमियम ब्राउझरच्या प्रतीत वेगासाठी स्वतःचे पॅच (कोडमधले बदल) आहेत. ते सिस्टीमच्या झेडलिबमध्ये कुठून मिळणार?

माझ्या मते, पॅच नसतील तर प्रत ठेवूच नका. ठेवलीच, तर फायरफॉक्ससारखी शेजारी एक यामल फाइल (साध्या मजकुरातली नोंद) हवी: कोड कुठून घेतला, कुठली आवृत्ती. आणि पॅच अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ प्रोजेक्टला पाठवा, नाहीतर दर अपडेटला तेच मर्ज कॉन्फ्लिक्ट (आपले आणि त्यांचे बदल यांची टक्कर) निस्तरत बसा.