भाकरी सोडायला लावली आणि तेच डब्यात भरून विकलं

कोल्हापुरात पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर जा नाहीतर रंकाळ्यावर जा, पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं-पोरी दिसतातच. बरीचशी आसपासच्या खेड्यांतून आलेली, तिघं-चौघं मिळून खोली घेऊन राहणारी. त्यांच्यासाठी आणि त्यांना गावाकडून पैसे पाठवणाऱ्या घरांसाठी हे लिहिते आहे. माझ्या धाकट्या भावाला शहरातल्या एका फिटनेस आणि न्यूट्रिशन सेंटरनं १९,८०० रुपयांना फसवलं. आबांच्या हातात नुकतंच उसाचं बिल आलं होतं, त्यातले हे पैसे. पण पैशापेक्षा मला राग आहे तो ऐन तयारीच्या दिवसांत पोराचं अंग मोडल्याचा. तक्रार दिलेली आहे, म्हणून सेंटरचं नाव इथं घेत नाही. त्यांची पद्धत मात्र पहिल्यापासून सांगते.

आधी भरतीचं थोडं, म्हणजे बाहेरच्यांना कळेल. मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, शंभर मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. थोड्या सेकंदांनी गुण खाली येतात आणि तिथंच पोरं यादीतून बाहेर पडतात. त्यामुळं "तुझे दहा-पंधरा सेकंद कमी करून देतो" असं कुणी म्हटलं की पोरगं थांबून ऐकतंच. सेंटरवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. त्यांची माणसं पत्रकं वाटतात ती मैदानाच्या फाटकावरच.

सेंटर पहिल्या मजल्यावर. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर खाशाबा जाधवांचा मोठा फोटो, खाली "हेलसिंकी १९५२, कांस्यपदक". कोल्हापुरात राजाराम कॉलेजला शिकलेल्या त्या माणसाबद्दल इथल्या कुठल्याही पोराच्या मनात काय असतं हे वेगळं सांगायला नको. त्याच्या शेजारी पोट सुटलेल्या आणि पोट गेलेल्या माणसांचे जोडीजोडीनं फोटो.

पहिली तपासणी फुकट. अनवाणी एका काट्यावर उभं करायचं, हातात दांडी द्यायची, आणि मशीनमधून कागद बाहेर येतो. २१ वर्षांच्या, रोज पळणाऱ्या माझ्या भावाच्या कागदावर आलं, शरीराचं वय ३३, चरबी २४ टक्के. हे मशीन अंगातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतं आणि त्याला किती अडथळा होतो त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. नुकतं पळून आलात, घाम गेला, पाणी कमी प्यालात, की आकडा बदलतो. भाऊ सकाळचा सराव संपवून, पाणीही न पिता थेट तिथं गेला होता. हे त्याला कुणी विचारलं नाही. कागद पुढं धरून "बघ, आतनं म्हातारा झालायस" एवढंच सांगितलं.

मग प्लॅन. फी ९,००० रुपये. भाकरी, चपाती, भात, पोहे, बटाटा, केळी, गूळ, सगळं बंद. खायचं काय, तर अंडी, चिकन, पनीर, काकडी आणि बदाम. "भावा, भाकरी म्हणजे साखरच की. पोटात गेली की चरबीच होणार," हे तिथल्या सरांचं वाक्य भावानं मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं होतं. आई ऐकून घाबरली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या पोराला भाकरी विष म्हणून सांगतात, हे तिला पटेना. पण पहिल्याच आठवड्यात वजन तीन किलोनं उतरलं, आणि मग पोराचा विश्वास बसला.

या तीन किलोंवरच हा सगळा धंदा उभा आहे. आपण खाल्लेली भाकरी, भात, साखर यांत मुख्यतः कार्बोहायड्रेट असतं, त्याचं शेवटी ग्लुकोज होतं. लागेल तेवढं वापरून उरलेलं ग्लायकोजेन म्हणून साठतं, स्नायूंत साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम. या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भाकरी-भात एकदम तोडलात की साठा संपतो, त्याच्याबरोबरचं पाणी जातं, वर मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकायला लागतात. काटा पटकन खाली येतो. चरबी इतक्या लवकर एवढी जात नाही. परत जेवायला लागलं की ते पाणी परत येतं, आणि सेंटरवाले तेव्हा म्हणतात, "बघ, भाकरी खाल्लीस आणि वजन वाढलं." दोन्हीकडून तेच खरे ठरतात.

आता डब्याकडं येते. प्लॅन सुरू होऊन थोडे दिवस झाले तसा पोरगा पळताना ढेपाळायला लागला. सरांनी सांगितलं की हे नॉर्मल आहे, यावर आमची खास पावडर आहे, झिरो कार्ब, म्हणजे कार्बोहायड्रेट अजिबात नाही, परदेशी फॉर्म्युला. एक किलोचा डबा ३,६०० रुपये. सरावाच्या आधी एक स्कूप पाण्यातून घ्यायचा. असे तीन डबे घेतले. गंमत वाटावी अशी ही गोष्ट नाही, पण पावडर घेतली की त्याला खरंच जोर यायचा. महाग म्हणून एखाद दिवशी घेतली नाही की पाय जड. मला फोनवर म्हणाला, "आक्का, शेवटच्या राउंडला कुणीतरी मागनं धरल्यागत वाटतंय. पावडरीशिवाय आता होत न्हाई मला." सेंटरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बाकीची पोरंही हेच लिहायची, आणि त्यावरून आणखी डबे खपायचे.

एका सकाळी चारशे मीटरचे राउंड मारताना तो मैदानावर बसला तो उठेना. डोळ्यांपुढं अंधारी. खोलीवरच्या पोरांनी दवाखान्यात नेलं, मी गावाकडून गेले. रक्तदाब आडवा असताना ठीक, उभा केला की खाली. डॉक्टरांनी चार दिवसांचं खाणं विचारलं आणि मला म्हणाले, "बाई, हा पोरगा उपाशी पळतोय." सलाईन लावलं, घरचं जेवण सुरू करा म्हणून सांगितलं.

मी दूध संकलन केंद्रावर काम करते. दिवसभर दुधातलं फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, तपासणं हेच माझं काम. गवळ्याचं एक लिटर दूधसुद्धा आम्ही यंत्रात घातल्याशिवाय घेत नाही. त्यामुळं त्या खोलीवर गेल्यावर पहिल्यांदा मी डबा हातात घेतला आणि मागं फिरवला. मागं काहीच नाही. घटक नाहीत, बॅच नंबर नाही, तारीख नाही, परवाना क्रमांक नाही. पुढं फक्त सेंटरचा चकचकीत काळा स्टिकर, त्यावर पिळदार दंडाचं चित्र आणि "झिरो कार्ब". स्टिकरची एक कड थोडी सुटली होती आणि खालून हिरवा रंग दिसत होता.

भावाला आधी चारी बाजूंनी फोटो काढायला लावले. मग पातेल्यात कोमट पाणी घेऊन फडकं भिजवलं आणि ते डब्याला गुंडाळून ठेवलं. गोंद मऊ झाल्यावर नखानं कड धरून हळूहळू ओढला. खाली कंपनीचं मूळ लेबल जवळजवळ अख्खं होतं. वजन वाढवण्याची पावडर, अर्थात वेट गेनर. घटकांत पहिलं नाव माल्टोडेक्सट्रिन, मग व्हे प्रोटीन, म्हणजे दुधापासून काढलेलं प्रोटीन, मग कोको आणि स्वाद. शंभर ग्रॅममध्ये कार्बोहायड्रेट ७६ ग्रॅम, प्रोटीन १५ ग्रॅम. एमआरपी सगळ्या करांसह १,१५०. वापरायची मुदत उलटून गेलेली.

भाऊ माझ्या शेजारी बसून ते वाचत होता. पुन्हा पुन्हा तो ७६ चा आकडा बोटानं दाखवत होता.

माल्टोडेक्सट्रिन हा स्टार्चपासून, बहुतेक वेळा मक्याच्या, बनवलेला पदार्थ. पोटात गेला की झटपट ग्लुकोज होतं. तो वाईट नाही. तासापेक्षा जास्त वेळ सायकल चालवणारे, मॅरेथॉन पळणारे ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट घेतात, त्यांच्या पेयांत हे बऱ्याचदा असतं. म्हणजे माझ्या भावाला जो जोर यायचा तो ह्याचाच. ताटातली भाकरी विष म्हणून काढून घेतली, अंगातला साठा रिकामा केला, आणि तीच गरज झिरो कार्बच्या नावाखाली तिप्पट भावानं, मुदत संपलेल्या डब्यातून विकली. पोराला वाटायचं पावडर चालते आहे. चालत होतं ते कार्बोहायड्रेटच.

पळणाऱ्याला हे का लागतं, तेही सांगते, कारण आमच्या घरात ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. चरबीत ऊर्जा भरपूर असते, ग्रॅमला ९ कॅलरी, पण ती हळू सुटते. फिरायला जाताना चालते. जीव तोडून १६०० मीटर पळताना स्नायूंना ज्या वेगानं ऊर्जा लागते ती प्रामुख्यानं ग्लायकोजेनमधूनच येते. स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या संशोधकांनी १९६० च्या दशकात माणसांच्या मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून हे मोजलं. १९६७ साली त्यांच्या गटानं दाखवलं की कार्बोहायड्रेट भरपूर खाल्लेली माणसं, ते तोडलेल्यांपेक्षा त्याच जोरानं दुपटीहून जास्त वेळ सायकल चालवू शकतात. ह्याला पन्नासवर वर्षं झाली.

खेळाडूंच्या आहाराचा आज मानला जाणारा हिशेब असा आहे: रोज तासभर मध्यम सराव असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागं ५ ते ७ ग्रॅम कार्बोहायड्रेट, आणि एक ते तीन तास जोराचा सराव असेल तर ६ ते १०. माझा भाऊ ६४ किलोचा. अगदी खालचा आकडा धरला तरी दिवसाला ३२० ग्रॅम. सेंटरच्या कागदावरचं खाणं मी बेरीज करून बघितलं तर ५० ग्रॅमही होत नव्हतं. वर ४० ग्रॅमच्या स्कूपमधले ३०. एक बऱ्यापैकी ज्वारीची भाकरी, म्हणजे ऐंशी ग्रॅम पिठाची, पन्नासेक ग्रॅम देते. एक केळं वीस-पंचवीस. एक किलोच्या त्या अख्ख्या डब्यात जेवढं कार्बोहायड्रेट, तेवढं किलोभर गुळात आरामात येतं, आणि गूळ घ्यायला कोल्हापूरच्या माणसाला लांब जावं लागत नाही. इथले पैलवानही दूध, तूप, बदाम खातात तेव्हा त्याच्याबरोबर चपाती-भाकरी असतेच. मधुमेह असलेल्यांनी भात-भाकरी कमी करणं वेगळं, ते डॉक्टरांच्या सांगण्यानं आणि औषध सांभाळून करायचं असतं. दोन वेळ मैदानावर घाम गाळणाऱ्या निरोगी पोराला तो नियम लावणं ही लबाडी आहे.

प्रोटीनचंही तसंच. अंडी, दूध, डाळ, उसळ, मटण यातून ते मिळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शनात अंग कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असंच सांगितलं आहे.

डबा घेऊन आम्ही दोघं सेंटरवर गेलो. सर आधी हसून म्हणाले, "ताई, ते कॉम्प्लेक्स असतं, तुम्हाला कळायचं न्हाई." लेबल पुढं ठेवल्यावर म्हणाले की सप्लायरची चूक असेल. पैसे परत मागितले तर विचारलं, "पावती आहे का?" पावती कधी दिलीच नव्हती. पैसे घेतले होते एका खाजगी मोबाईल नंबरवर, यूपीआयनं. जिना उतरेपर्यंत भावाला ग्रुपमधून काढलेलं होतं.

अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे, सोबत स्टिकरचे आधीचे-नंतरचे फोटो. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत जाता येतं. ते कागद आता तयार करतो आहोत. यूपीआयचा व्यवहार फोनमध्ये तारखेसह असतो, त्यामुळं पावती नाही म्हणून कुणी गप्प बसू नका.

कुठलीही पावडर घेताना डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नाच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, चौदा आकडी परवाना क्रमांक बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, म्हणून पहिलं नाव वाचा. शंभर ग्रॅमचा तक्ता वाचा. मूळ एमआरपीवर जास्त किमतीचा स्टिकर लावणं कायद्यानं चालत नाही, तारीख झाकणं तर नाहीच. आणि फुकट मशीनचा कागद हातात घेऊन कुणी भाकरी बंद करायला सांगत असेल, तर तिथून उठून या.

भाऊ आता सरावाच्या आधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे खातो, दोन वेळ भाकरी-भात, रात्री दूध. उतरलेलं वजन बरंचसं परत आलं आहे आणि राउंडही पुरे होत आहेत, पण मधले गेलेले आठवडे काही परत मिळत नाहीत. येत्या भरतीला ते त्याला भरून काढायचे आहेत.

तुमच्याकडं असा काळा स्टिकर लावलेला डबा असेल तर टाकू नका. आधी चारी बाजूंनी फोटो काढा, मग कोमट ओल्या फडक्यानं स्टिकर सावकाश सोडवा, खालच्या लेबलचे, बॅच नंबरचे, तारखेचे जवळून फोटो घ्या. काढलेला स्टिकरही कागदावर चिकटवून ठेवा. ग्रुपवरचे "झिरो कार्ब"चे मेसेज काढून टाकायच्या आत त्यांचे स्क्रीनशॉट घ्या, कारण आम्ही गेल्यानंतर त्यांनी ते पुसायला सुरुवात केली आहे.