'१२ डीबी गेन'वाला पांढरा दांडा: अँटेना ठीक, फुकटची केबल रद्दी

मागच्या दिवाळीत हॅम रेडिओसाठी (हौशी वायरलेस) ऑनलाइन अँटेना घेतला, ड्युअल बँड (व्हीएचएफ आणि यूएचएफ, म्हणजे १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास) फायबरग्लास व्हर्टिकल, म्हणजे उभा दांडा. ४२०० रुपये, उंची पावणेदोन मीटर, सोबत २० मीटर केबल फ्री आणि दोन्ही टोकांना पीएल-२५९ कनेक्टर आधीच लावलेले. फोटोवर लाल अक्षरांत '१२ डीबी गेन', म्हणजे अँटेना सिग्नल एका दिशेला किती वाढवतो त्याचा आकडा. कशाच्या तुलनेत १२ ते कुठेच लिहिलेलं नाही, डीबीआय (सगळीकडे सारखा पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) की डीबीडी (साध्या डायपोलच्या तुलनेत) काही पत्ता नाही, आणि पहिली मेख तिथेच आहे कारण दोन्हीत २.१५ डीबीचा फरक पडतो, साधा हाफवेव्ह (अर्ध्या तरंगलांबीचा) डायपोलच मुळात २.१५ डीबीआय असतो. नुसतं 'डीबी' छापलं की विकणारा मोकळा.

नवीन लायसन्सवाल्यांसाठी सांगतो, अँटेना पदरचं काही घालत नाही. पिठाचा गोळा तेवढाच, थापली की भाकरी मोठी होते पण पातळ होते, तसं वरखाली जाणारा सिग्नल दाबून क्षितिजाकडे पसरवायचा, हाच व्हर्टिकलचा गेन. आणि थापायला परात पण तेवढी मोठी लागते. अँटेनाची लांबी दुप्पट केली तर जास्तीत जास्त ३ डीबी, म्हणजे दुप्पट ताकद मिळते. डायमंड कंपनीचा एक्स-५० जवळपास याच उंचीचा, १.७ मीटर, आणि त्यांचा स्वतःचा दावा व्हीएचएफला ४.५ आणि यूएचएफला ७.२ एवढाच आहे. त्यांचाच एक्स-५१० तब्बल ५.२ मीटरचा, तरी व्हीएचएफला ८.३ च सांगतात. १४५ मेगाहर्ट्झवर खरे १२ हवे असतील तर दहा मीटरच्या वरचा दांडा लागेल, तो आमच्या सोसायटीच्या गच्चीवर उभा केला तर चेअरमन काका मलाच खाली उतरवतील.

तरी म्हटलं लावून तर बघू. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी पाइपला बांधला, केबल शाफ्टमधून खाली दुसऱ्या मजल्यावर घेतली. एसडब्ल्यूआर (वरून किती सिग्नल परत येतो त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) बघितला तर व्हीएचएफला १.३, यूएचएफला १.२, मी खूश. पण यूएचएफवर कोणी ऐकेचना. तळेगावचा मित्र म्हणतो तुझा नुसता खरखराट येतोय, हातातल्या छोट्या हँडीवरून बोलतोयस का. विकणाऱ्याला मेसेज टाकला तर उत्तर आलं, सर एसडब्ल्यूआर १.२ आहे म्हणजे अँटेना एकदम परफेक्ट, तुमच्या एरियात नेटवर्क प्रॉब्लेम असेल. नेटवर्क प्रॉब्लेम! हॅम रेडिओला!

मग एका रविवारी गच्चीवर गेलो आणि केबल अँटेनापासून सोडवली, वरचं टोक मोकळं हवेत. खाली येऊन ४३५ वर मीटर बघितला, पॉवर अगदी कमी ठेवून. एसडब्ल्यूआर १.४. अँटेनाच नाही आणि १.४! दोन मिनिटं मीटरच बिघडलाय असं वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला, केबलच इतकी खातेय की वर जाताना अर्ध्याहून जास्त पॉवर गेली, वरून परत येताना उरलेल्यातली पुन्हा तेवढीच गेली, मीटरपर्यंत परत काही पोचतच नाही, त्यामुळे त्याला सगळं छान दिसतं. एका बाजूला ८ डीबी लॉस धरून हिशोब करा, बरोबर १.४ च्या आसपास येतो.

खात्रीसाठी मित्राचा वॉटमीटर आणि डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा) वर नेला. यूएचएफला रिगमधून (रेडिओ सेटमधून) २५ वॅट सोडले, वर पोचले ४. व्हीएचएफला ५० सोडले, पोचले १८. केबलवर छापलंय आरजी-५८, आतली जाळी मात्र इतकी विरळ की मधून पांढरं प्लास्टिक दिसतं. चांगल्या कंपनीचा आरजी-५८ घेतला असता तरी ४३५ वर २० मीटरला साडेसात-आठ डीबी जातातच, तो त्या कामाचाच नाही. त्यामुळे '१२ डीबी'च्या अँटेनासोबत ही केबल फ्री देणं म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं.

शेवटी एलएमआर-४०० टाइपची, कमी लॉसची २० मीटर केबल आणली. महाग पडली, अँटेनाच्या किमतीच्या आसपास गेली, आणि जाड इतकी की शाफ्टच्या वळणावर वाकवताना जीव नकोसा झाला. पण आता त्याच २५ पैकी १६ वॅट वर पोचतात, आणि ऐकू येणं पण तेवढंच सुधारलं कारण लॉस दोन्हीकडून असतो. तळेगाववाल्याचा पहिला प्रश्न, लिनिअर (पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) घेतलास काय रे?

मग नवी केबल तशीच ठेवून अँटेना बदलून बघितला. माझा घरी केलेला क्वार्टरवेव्ह (पाव तरंगलांबीचा), एसओ-२३९ सॉकेटला ४९ सेंटीमीटरच्या पाच पितळी काड्या, एक वर आणि चार तिरक्या खाली, खर्च तीनशेच्या आत. पांढरा दांडा व्हीएचएफला त्याच्यापेक्षा मीटरवर जेमतेम एक बार वर. एक बार चांगलाच आहे, नाही म्हणत नाही, पण १२ डीबी नक्कीच नाही. उलट स्पेस स्टेशन डोक्यावरून जाताना १४५.८०० वर घरचा क्वार्टरवेव्ह जास्त स्वच्छ ऐकू आला, पातळ भाकरीचा तोटा तो.

बाकी बांधणी बरी आहे. क्लॅम्प स्टीलचे, एका पावसाळ्यात गंजले नाहीत. सोबत दिलेली रबरी टोपी मात्र कनेक्टरवर नीट बसतच नाही, ती फेका आणि ओढून लावायची सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा, नाहीतर जूनमध्ये पाणी शिरलं की जाळीतून वातीसारखं खाली झिरपत जातं आणि केबल बाद. टेप पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळाली.

पाचपैकी अडीच स्टार. केबलशिवाय दोन हजारात देत असतील आणि लिस्टिंगवरचा आकडा खोडत असतील तर साडेतीन. फ्रीवाली केबल फेकली नाही, तिचे दीड-दीड मीटरचे तुकडे करून गाडीतल्या रिगला वापरतोय, तेवढ्या लांबीला चालून जाते.