रत्नागिरीतील नवजात श्रवणतपासणी केंद्र : यंत्र चोख, पाठपुरावा अपुरा

माझ्या भाचीच्या बाळासाठी प्रसूतिगृहाने रत्नागिरीतील जे खासगी केंद्र सुचवले, तेथील तपासणीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती तपासणीनंतरच्या बेफिकिरीबद्दल.

तेथे होणाऱ्या ओएई (ओटोअकॉस्टिक एमिशन) या श्रवणतपासणीत बाळाच्या कानात मऊ टोकाची बारीक नळी ठेवून हलके आवाज सोडतात, आणि आतल्या कानातील केसपेशी सुदृढ असल्या तर त्यांच्याकडून परतणारा अतिशय क्षीण ध्वनी त्याच नळीतला मायक्रोफोन टिपतो. बाळ शांत असावे लागते. येथील तंत्रज्ञ ताईंनी भाचीला आधी बाळाला पाजायला सांगितले, पंखा बंद केला, बाळाचा डोळा लागेपर्यंत वाट पाहिली आणि मगच यंत्र हाती घेतले. दुखणे नाही, रडणे नाही.

उजव्या कानाचा निकाल ‘रेफर’ आला. जन्मानंतरच्या एक-दोन दिवसांत कानात चिकट थर किंवा गर्भजल राहिले असले तरी असा निकाल येतो. त्याचा अर्थ बहिरेपण नव्हे, तर पुन्हा तपासणी करणे आवश्यक आहे एवढाच. हे मात्र आम्हाला कोणीही सांगितले नाही. इंग्रजी कागद हाती आला, त्यावर पुढची तारीख नव्हती आणि मागाहून फोनही आला नाही. घरी आजीने थाळी वाजवली, बाळ दचकले आणि विषय जवळजवळ मिटला. परंतु एकाच कानाने ऐकणारे बाळही थाळीच्या आवाजाने दचकते. हजारात एक ते तीन बाळांना जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाळणी-तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्रासारखा उपचार, हा क्रम जगभर मानला जातो. खेड्यातून एसटीने येणाऱ्या बाळंतिणीला पुढची तारीख लिहून दिली नाही, तर हा क्रम पहिल्याच पायरीवर तुटतो. भाचीने हट्टाने बाळाला पुन्हा नेले, तेव्हा दोन्ही कान ‘पास’ झाले.

या केंद्रात बेरा तपासणीची, म्हणजे आवाजाला श्रवण-मज्जातंतू आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे पाहणाऱ्या चाचणीची, सोय नाही. त्यासाठी कोल्हापूरला पाठवतात. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळांमध्ये श्रवण-मज्जातंतूचा दोष ओएईतून निसटू शकतो, म्हणून अशा बाळाच्या पालकांनी ‘पास’ निकालावर न थांबता बेरासाठी चिठ्ठी मागून घ्यावी.