फ्रॅक्चर्ड फेअरी टेल्स की फेअरी टेल थिएटर?
परीकथांची खिल्ली उडवणारी मालिका मुलांसोबत बघायची, तर आधी पाहा: मूळ गोष्टी त्यांना किती ठाऊक आहेत?

१९५९ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रॅक्चर्ड’चा एकेक भाग म्हणजे चार-पाच मिनिटांचं कार्टून. झोपलेली राजकन्या सापडते, पण राजपुत्र तिला उठवतच नाही. तिच्या नावानं करमणूक उद्यान काढून पैसे कमावतो! हा थेट डिस्नीला टोमणा. मूळ गोष्ट माहीत नसेल तर गंमत हुकते, शिवाय इंग्रजी कोट्यांचा वेग जबरदस्त.

१९८२ ते १९८७ मधल्या ‘थिएटर’चे भाग जवळपास तासाभराचे, खऱ्या नटांचे. बेडूक झालेला रॉबिन विल्यम्स तर चुकवूच नका. इथे गोष्ट पूर्ण कळते, विडंबन सौम्य, क्वचित रेंगाळतं.

गोष्टी पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांना ‘थिएटर’ लावा, त्या पाठ असलेल्यांना ‘फ्रॅक्चर्ड’.