निक्सन की थोरले बुश? परराष्ट्र धोरणासाठी एकच निवडायचा असेल तर

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपैकी परराष्ट्र धोरण खरं कोणाला जमलं हा विषय निघाला की माझ्या अनुभवाप्रमाणे फिरून फिरून दोनच नावांवर गाडी येते, रिचर्ड निक्सन आणि थोरले जॉर्ज बुश. ट्रुमनचे पाठीराखे आहेत, रेगनचे तर भरपूरच आहेत, आणि कार्टरनी कॅम्प डेव्हिडला १३ दिवस ठाण मांडून इजिप्त-इस्रायलला एकत्र आणलं ते काम मोठंच होतं, पण नंतर इराणमधल्या ओलिसांच्या ४४४ दिवसांनी ते झाकोळलं गेलं. मला एमएच्या प्रबंधासाठी निक्सन आणि बुश यांच्यातला एक घ्यायचा होता आणि आता ओळखीतली मुलं हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. चीन दौरा, आखाती युद्ध, बर्लिनची भिंत हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो, वॉटरगेटमध्ये तर शिरतच नाही.

आधी निक्सनचं जे आहे ते मान्य करू. डोकं म्हणून बघितलं तर हा माणूस बुशच्या दोन पायऱ्या वर होता असं मला आजही वाटतं. चीन आणि सोव्हिएत युनियन यांच्यात फाटलंय, त्या फटीत अमेरिकेने पाय रोवला तर दोघंही आपल्याशी जरा सांभाळून वागतील हे त्याने ओळखलं, आणि नुसतं ओळखलं नाही तर फेब्रुवारी १९७२ ला पेकिंगमध्ये (म्हणजे आजचं बीजिंग) आणि लगेच मे महिन्यात मॉस्कोत, असं एकाच वर्षात दोन्हीकडे जाऊन दाखवलं. मॉस्कोत सॉल्ट (म्हणजे अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा करार) आणि क्षेपणास्त्रविरोधी करारावर सह्या झाल्या. आयुष्यभर कम्युनिस्टांच्या नावाने शंख केलेल्या माणसाने हे करणं, त्याला हिंमत लागते. बुशच्या कारकिर्दीत इतकी मोठी कल्पना शोधून सापडणार नाही, तो माणूस मुळात कल्पनांचा नव्हताच.

पण मी जेव्हा कागदपत्रांत शिरलो तेव्हा एक गोष्ट पहिल्या आठवड्यापासून खटकायला लागली आणि ती शेवटपर्यंत गेली नाही. निक्सनच्या कुठल्याही मोठ्या निर्णयाची फाइल उघडा, ज्यांचं ते काम आहे त्यांनाच त्यातलं काही माहीत नसतं. निक्सनचा सुरक्षा सल्लागार किसिंजर जुलै १९७१ मध्ये पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान यांच्या मदतीने पोट बिघडल्याचं सोंग करून पाकिस्तानातून गुपचूप चीनला गेला, ठीक आहे, एवढी गुप्तता गरजेची असेल. पण परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्सना त्याचा पत्ता अगदी उशिरा लागला. जपानसारख्या मित्रदेशाच्या पंतप्रधानांना, सातोंना, घोषणेच्या अगदी थोडा वेळ आधी कळवलं आणि जपानी लोक त्याला अजून 'निक्सन शॉक' म्हणतात. प्रत्यक्ष दौऱ्यात माओंच्या भेटीला रॉजर्सना नेलंच नाही. मग दौऱ्याच्या शेवटी काढायच्या संयुक्त शांघाय निवेदनाचा मसुदा तयार झाल्यावर परराष्ट्र खात्याच्या लोकांना दाखवला तर त्यांनी लगेच बोट ठेवलं की जपान-कोरियाबरोबरच्या संरक्षण करारांचा उल्लेख आहे आणि तैवानबरोबरच्या कराराचा नाही, याचा अर्थ लोक काय काढतील? झालं, परत चिनी अधिकाऱ्यांबरोबर बसून मजकूर दुरुस्त करायला लागला. म्हणजे ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनीच फजिती वाचवली, आणि हे बघून निक्सन त्यांच्यावरच चिडला.

आपल्याकडच्या माणसाला यातलं सगळ्यात बोचणारं प्रकरण अर्थातच १९७१ च्या बांगलादेशचं. ढाक्यातले अमेरिकन कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी एप्रिलमध्ये तार करून सांगतायत की इथे कत्तल चाललीये आणि आपलं सरकार गप्प बसून नैतिक दिवाळखोरी दाखवतंय. डोळ्यांनी बघणारा स्वतःचा माणूस सांगतोय, तर त्याचं ऐकायचं सोडून त्याची तिथून उचलबांगडी. पुढे डिसेंबरात एंटरप्राइझ ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, आमच्या घरी सातव्या आरमाराचं नाव मी लहानपणी वडिलांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलंय. त्या काळातल्या व्हाइट हाउसच्या टेप्स मी हेडफोन लावून ऐकल्यात, कपबश्यांचे आवाज, मध्येच खोकला, आणि त्यात इंदिरा गांधींबद्दल आणि एकूणच भारतीयांबद्दल जी भाषा आहे ती इथे लिहिण्यासारखी नाही. पण शिव्यांपेक्षा मला जास्त अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीने. खोलीत निक्सन आणि किसिंजर अशी दोनच माणसं आहेत आणि दोघं एकमेकांना दुजोरा देतायत. तिसरा कोणी 'सर, हे असं नाहीये' म्हणणारा तिथे नाहीच. कंबोडियावरच्या बॉम्बिंगचं तेच, मार्च १९६९ पासून वर्षभराहून जास्त काळ ते चाललं आणि लष्कराच्या नोंदीसुद्धा खोट्या ठेवल्या गेल्या.

आता गंमत म्हणजे याच काळात जॉर्ज बुश निक्सनच्याच हाताखाली यूएनमध्ये राजदूत होते. ऑक्टोबर १९७१ मध्ये यूएनमधली तैवानची जागा वाचवायला ते एकेका देशाच्या प्रतिनिधीला भेटून मतं मागत होते आणि त्याच आठवड्यात किसिंजर पेकिंगमध्ये बसला होता! कोण कशाला मत देईल? २५ ऑक्टोबरला आधी अमेरिकेचा ठराव ५९ विरुद्ध ५५ ने पडला आणि मग ७६ विरुद्ध ३५ मतांनी चीन आत आला, तैवान बाहेर गेलं. डिसेंबरात सुरक्षा समितीत भारताच्या विरोधात बोलणारे पण बुशच होते हे खरंय, आणि ते मी लपवणार नाही. तिथे बसून ते वॉशिंग्टनची भूमिका वाचत होते असं माझं मत, तुम्हाला पटेलच असं नाही.

माझा अंदाज असा की त्या यूएनच्या दिवसांत स्वतः तोंडघशी पडल्याचा अनुभव या माणसाने कायम लक्षात ठेवला. कारण अध्यक्ष झाल्यावर त्यांची कामाची पद्धत बरोबर उलटी दिसते. बुशचे फोनवरच्या बोलण्यांचे टिपण वाचायला घेतलं की सुरुवातीला कंटाळा येतो, तब्येत कशी आहे, घरचे कसे आहेत, तुम्हाला काय वाटतं, मी हे करायच्या विचारात आहे पण आधी तुमच्या कानावर घालतोय. जर्मनीचे कोल, फ्रान्सचे मित्राँ, ब्रिटनच्या थॅचर, तुर्कस्तानचे ओझाल, इजिप्तचे मुबारक, सोव्हिएत युनियनचे गोर्बाचेव, सगळ्यांना हेच. पण बरीच पानं वाचून झाली की कळतं हेच तर धोरण आहे. भिंत पडली तेव्हा पत्रकार म्हणाले तुम्ही खूश दिसत नाही, तर उत्तर आलं की मी काही भावनिक माणूस नाही. घरच्या टीकाकारांनी झोडपलं, पण मॉस्कोत गोर्बाचेवची अडचण वाढली नाही. एकत्र जर्मनीला थॅचर आणि मित्राँ दोघांचाही मनातून विरोध असताना भिंत पडल्यापासून अकरा महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर १९९० ला जर्मनी एक झाला, तोही नाटोत राहून आणि गोळी न झाडता. निक्सनच्या चीन दौऱ्यापेक्षा हे काम कमी दिखाऊ आहे पण अवघड जास्त होतं असं मला वाटतं.

आखातातही तेच. २ ऑगस्ट १९९० ला कुवेत इराकच्या ताब्यात गेलं, २९ नोव्हेंबरला बळ वापरायला मुभा देणारा सुरक्षा समितीचा ठराव ६७८ हातात, १२ जानेवारी १९९१ ला सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४७ अशी काठावरची मंजुरी, मग युद्ध. सुमारे ६१ अब्ज डॉलर खर्चातले जवळपास ५४ अब्ज इतर देशांनी भरले, असं दुसरं युद्ध मला तरी आठवत नाही. आपल्या चंद्रशेखर सरकारनेसुद्धा अमेरिकन विमानांना मुंबईत इंधन भरू दिलं होतं, त्यावरून केवढा गदारोळ झाला ते त्या वेळी पेपर वाचणाऱ्यांना आठवत असेल.

बुशच्या बाजूने सगळं गोडच आहे असं नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये इराकी जनतेला सद्दामविरुद्ध उठायला जाहीरपणे सांगितलं आणि शिया-कुर्द खरंच उठले तेव्हा त्यांना वाऱ्यावर सोडलं. कुर्दांसाठी नंतर एप्रिलमध्ये सैन्य पाठवलं, दक्षिणेतल्या शियांना तेही मिळालं नाही. हा डाग पुसला जाणार नाही आणि कोणी या एका कारणासाठी बुशला नाकारलं तर मी वाद घालणार नाही. कीव्हमध्ये ऑगस्ट १९९१ ला युक्रेनियन लोकांना आत्मघातकी राष्ट्रवादापासून सावध राहा म्हणून उपदेश केला आणि त्याच महिन्यात युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केलं. युगोस्लाव्हियाकडे तर बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल.

आणि हो, गुप्तता बुशनेही केली, हा मुद्दा निक्सनवाले हमखास काढतात. १९८९ मध्ये तिआनमेनच्या हत्याकांडानंतर महिन्याभरात आपले सुरक्षा सल्लागार स्कोक्रॉफ्टना गुपचूप बीजिंगला पाठवलं, बाहेर चीनशी उच्चस्तरीय संपर्क बंद असं सांगत असताना. मला तो निर्णय आवडत नाही. पण विमानात स्कोक्रॉफ्टच्या शेजारी कोण होतं ते बघा, लॉरेन्स ईगलबर्गर, म्हणजे परराष्ट्र खात्यातला दोन नंबरचा माणूस. परराष्ट्रमंत्री बेकरना माहीत होतं, बीजिंगमधल्या राजदूतालाही कल्पना दिलेली होती. जगापासून लपवलं, स्वतःच्या माणसांपासून नाही. माझ्यासाठी पारडं इथे झुकलं.

तेव्हा ज्याला महासत्तांचा मोठा डाव कसा मांडतात हे शिकायचंय, अण्वस्त्र करारांत रस आहे, त्याने बेलाशक निक्सन घ्यावा, वाचायला तो जास्त रंगतदार आहे आणि टेप्समुळे साहित्य अमाप आहे. पण 'कारभार चांगला कोणी चालवला' एवढाच प्रश्न असेल तर मी प्रबंधाला बुश घेतला आणि आजही तोच घेईन. सुरुवात करायची असेल तर १० नोव्हेंबर १९८९ चं कोल आणि बुश यांचं फोनवरचं बोलणं काढा, छोटंसं आहे. बर्लिनमध्ये जत्रेसारखं वातावरण आहे असं कोल सांगतायत, अमेरिकेशिवाय हा दिवस उजाडला नसता हे तुमच्या लोकांना सांगा म्हणतायत. आणि बुश त्यात स्वतःबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाहीत. त्याच्या शेजारी १९७१ च्या डिसेंबरातली कुठलीही एक टेप ठेवा आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.