ड्रेनेज दुरुस्तीच्या नावाखाली आम्हाला कसं फसवलं, वयस्कर लोकांच्या बिल्डिंगवाल्यांनी नक्की वाचा

आमच्याकडे वयस्कर आणि अपंग लोकांसाठी कमी भाड्याची घरं आहेत, दुरुस्तीला पैसा मोजकाच असतो, आणि हे लोक नेमके अशाच जागा हेरतात म्हणून सगळं लिहितेय.

तळमजल्यावर बाथरूमच्या जाळीतून घाण पाणी उलटं यायला लागलं. लाइन तुंबली की पाणी आधी सगळ्यात खालच्या जाळीतूनच वर येतं, म्हणजे वरच्या मजल्यावर कोणी बेसिन सोडलं की खाली पाणी. त्यात आमच्याकडे व्हीलचेअर आत जावी म्हणून बाथरूमला उंबराच नाही, सगळं एका लेव्हलला, त्यामुळे ते पाणी कुठे अडत नाही, थेट पलंगापर्यंत जातं. तळमजल्यावरच्या एक मावशी पायाला आधार देणारं कॅलिपर लावल्याशिवाय उभ्या राहू शकत नाहीत, रात्री पाणी आलं की कोणीतरी येईपर्यंत त्या पलंगावरच बसून राहायच्या, खाली मैला तरंगतोय आणि टॉयलेटला जायची सोय नाही. हे बघितल्यावर कोणालाही वाटणारच की जो लवकर येईल त्याला काम देऊन टाकू.

तर एक माणूस आला, बोलायला एकदम गोड. आल्या आल्या त्याने विचारलं कमिटीत कोण कोण आहे, सगळे सीनियरच का, यातलं कळणारं कोणी आहे का. मग पाइपमध्ये कॅमेरा घातला आणि मोबाईलवर व्हिडिओ दाखवला की बघा मेन लाइन खचलीय, मुळं घुसलीत, आज काम धरलं नाही तर उद्या अख्ख्या बिल्डिंगचे टॉयलेट बंद. अर्धे पैसे ऍडव्हान्स घेतले. आधी जेटिंग केलं, म्हणजे प्रेशरच्या पाण्याने लाइन मोकळी केली, आणि पाणी धाडधाड जायला लागलं तसे सगळे खूश. मग खोदकाम. ज्या दिवशी खोदलं त्याच संध्याकाळी खड्डे बुजवून वर काँक्रीट पण टाकलं. विचारलं तर म्हणे तुमच्याकडे डोळ्यांना न दिसणारे लोक आहेत, खड्डा उघडा ठेवला आणि कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची. मला सगळ्यात जास्त चीड याची येते, आमच्याच लोकांची काळजी पुढे करून त्याने आपलं काम झाकून घेतलं. कडेला बॅरिकेड आणि वर फळ्या टाकून खड्डा एक दिवस नक्की ठेवता येतो हे आता माहितीये. पाणी जातंय म्हणून बाकीचे पैसेही लगेच दिले गेले.

काही आठवड्यांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं. त्याचा फोन बंद. दुसऱ्या माणसाला बोलावून उघडलं तर पूर्ण लाइन बदलल्याचं बिल होतं आणि प्रत्यक्षात फक्त जिथे काँक्रीट दिसतं तिथेच नवीन तुकडे, मधला सगळा पाइप जुना. एका तुकड्याला तर ढाळ उलटा. १०० मिमीच्या पाइपला साधारण १:४० ढाळ देतात, म्हणजे दर मीटरला २५ मिमी खाली, इथे पाणी चढावर जायचं होतं ते कसं जाणार, मग तिथे पाणी साचून तेलकट गाळ बसतो आणि परत तुंबतं. वर चेंबरचं, म्हणजे लाइन तपासायला ठेवलेल्या खड्ड्याचं, झाकण रॅम्पच्या तोंडाशी एवढं उंच बसवलं की व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं तिथेच अडकतात.

आणि तो व्हिडिओ. आमच्याकडचे एक काका आयुष्यभर प्लंबिंग करून रिटायर झालेत, हल्ली खोलीबाहेर फारसे पडत नाहीत म्हणून त्यांना कोणी दाखवलाच नव्हता. त्यांनी बघितला आणि लगेच म्हणाले अगं हा पाइप मातीचा आहे, दर थोड्या अंतरावर जॉइंट दिसतायत, आपला पीव्हीसीचा आहे. व्हिडिओ आमच्या बिल्डिंगचा नव्हताच!

तर कॅमेऱ्याचं काम सांगितलं तर कॅमेरा आत जाताना तिथेच उभं राहून स्क्रीन बघा, चांगल्या मशीनमध्ये तारीख आणि किती मीटर आत गेला तो आकडा चालू असतो, सुरुवात आपल्याच चेंबरपासून दिसली पाहिजे. नुसतं पाणी गेलं म्हणून पैसे सोडू नका, जेटिंगनंतर फुटका पाइपसुद्धा काही दिवस चालतो. पाइप बुजवण्याआधी दोन चेंबरच्या मध्ये एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरा, पाइप सरळ असेल तर पूर्ण गोल दिसतो, वाकला असेल तर चंद्रासारखा कापलेला. कोटेशनमध्ये कुठल्या चेंबरपासून कुठल्या चेंबरपर्यंत, किती मीटर, कुठला पाइप, ढाळ किती हे लिहून घ्या, नुसतं ड्रेनेज रिपेअर असं लिहिलेलं घेऊ नका. आणि शेवटचा हप्ता एक जोरदार पाऊस होऊन जाईपर्यंत अडकवून ठेवा, कारण छताचं पाणी कोणी मैल्याच्या लाइनला जोडलं असेल तर ते पावसातच कळतं. आमच्याकडे ते पण निघालं.

बिल, तो व्हिडिओ आणि उघडलेल्या खड्ड्यांचे फोटो लावून तक्रार दिलीये. नवीन काम सुरू आहे, यावेळी काका खुर्ची टाकून चेंबरपाशी बसतात आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय माती पडत नाही. मावशींची सोय तोपर्यंत वरच्या मजल्यावर केलीये.