खोटं वय, खोटं नाव: तीन आत्मकथनांपैकी आधी कोणतं वाचावं?

आमच्या वाचनकट्ट्यावर येत्या दोन महिन्यांसाठी एकच पुस्तक घ्यायचं ठरलं: नाझी काळात लहान असलेल्या आणि त्यातून जिवंत राहिलेल्या ज्यू लेखकाचं आत्मकथन. नावं तीन आली. एली वीझेलचं ‘नाइट’, रूथ क्लूगरचं ‘स्टिल अलाइव्ह’ आणि साउल फ्रीडलेंडरचं ‘व्हेन मेमरी कम्स’. (अ‍ॅन फ्रँकचं नावही निघालं, ते निघतंच. पण ती रोजनिशी आहे आणि ती मुलगी जगली नाही. मोठं होऊन मागे वळून बघणं तिच्या वाट्याला आलंच नाही.) तिन्ही मी वाचलेली, म्हणून “तूच सांग” असं माझ्यावर आलं.

मग तिन्ही पुन्हा काढून बसले आणि एक गोष्ट लक्षात आली. तिन्हीकडे मुलाचा जीव वाचतो तो खोटं बोलल्यामुळे. दोघांनी वय खोटं सांगितलं, तिसऱ्याला नावच खोटं मिळालं. कुठलं पुस्तक आपल्याला झेपेल हे ताडायचं असेल तर सरळ ते पान उघडावं.

वीझेल सिगेटचा. हे गाव आज रोमानियात आहे, तेव्हा हंगेरीकडे होतं. 1944च्या मे महिन्यात त्याला कुटुंबासकट आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीत नेलं. कामाला उपयोगी नाही असं वाटलं की लगेच मारत, म्हणून तिथे वयावर जीव अवलंबून. फलाटावर एक कैदी जवळ येऊन वय विचारतो. पंधरा. “नाही, अठरा.” वडील पन्नास सांगतात, तर “नाही, चाळीस.” पुढे ही निवड करणाऱ्या नाझी डॉक्टर मेंगेलेसमोर हा मुलगा अठरा म्हणतो, आणि विद्यार्थी असून शेतकरी असल्याचं सांगतो. संपलं. तो कैदी कोण होता, त्याने हे का केलं, यावर लेखक थांबत नाही. त्याआधीच ‘पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे’ एवढ्या एका हुकुमावर आई आणि धाकटी त्सिपोरा कायमची गेलेली असतात, तेही तसंच दोन-चार ओळींत.

सगळं पुस्तक याच चालीचं. बुनाची मजूरछावणी, बर्फातली ती पायपीट, बूखेनवाल्डची छावणी, आणि जानेवारी 1945मध्ये वडिलांचा मृत्यू. शेवटच्या रात्री वडील हाक मारत होते आणि मी ओ दिली नाही, हे तो लिहितो. ते गेल्यावर मनाच्या तळाशी सुटल्यासारखं वाटलं असावं, हेही लपवत नाही. मूळ यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) आवृत्ती 1956ची, ब्युनोस आयर्समध्ये निघालेली आणि बरीच मोठी. 1958च्या फ्रेंच आवृत्तीत ती छाटून छाटून इतकी आटवली की आज हातात शे-सव्वाशे पानं येतात. इंग्रजीत घेणार असाल तर 2006चा, त्याच्या बायकोने म्हणजे मॅरियन वीझेलने केलेला अनुवाद घ्या. एका बैठकीत होतं, पण ती बैठक रात्री जेवणानंतरची नसावी.

क्लूगरकडे तेच पान कितीतरी लांबतं. ती व्हिएन्नाची, जन्म 1931चा. आईबरोबर आधी थेरेसियनश्टाटची छावणी, मग 1944मध्ये आउश्वित्झ-बिर्केनाउ. उन्हाळ्यात तिथे मजुरीसाठी बायका निवडत होते, पंधरापासून पंचेचाळीसपर्यंतच्या. रूथ बारा वर्षांची. पहिल्या रांगेत नाकारली जाते. आई निवडली गेलेली. आईच्या आग्रहाने ती दुसऱ्या रांगेत घुसते, आणि तिथे लिहून घेणारी एक तरुण कैदी उठून जवळ येते, हळूच सांगते, पंधरा सांग. अधिकारी कुरकुरतो तेव्हा तीच म्हणते, पाय बघा हिचे, दणकट आहे, काम करेल. तो मान्य करतो.

वीझेल इथून पुढे सरकला. क्लूगर सरकत नाही. त्या मुलीला यातून काय मिळणार होतं? काहीच नाही, उलट तिचा जीव धोक्यात. मग तिने ते का केलं? त्या एका मिनिटाकडे क्लूगर म्हातारपणापर्यंत पुन्हा पुन्हा येते आणि त्याला कुठल्याही सोप्या खुलाशात बसवू देत नाही. बाई पुढे अमेरिकेत जर्मन साहित्याची प्राध्यापक झाली, आणि ते वाक्यावाक्यात जाणवतं: तिरकस, चिडकी, वाचकाशी वाद घालणारी. छळ सोसलेल्यांनी तरी अधिक सहिष्णु व्हायला हवं, असं कोणी म्हटलं की ती उसळते. आउश्वित्झ म्हणजे काय संस्कारवर्ग होता, असा तिचा एकूण सूर.

आईशी असलेलं भांडण तर पुस्तकाचा कणाच आहे. बिर्केनाउतल्या पहिल्याच रात्री आई शांतपणे सुचवते, चल, दोघी कुंपणाच्या विजेच्या तारेवर जाऊन मरू. मुलगी नाही म्हणते. आई विषय सोडून देते. हे लिहायला काय लागत असेल! आईने हे वाचू नये म्हणून क्लूगरने इंग्रजी आवृत्ती आई गेल्यानंतर, 2001मध्ये काढली. 1992च्या जर्मन पुस्तकाचा हा निव्वळ अनुवाद नाही, तिने स्वतः नव्याने लिहिलंय. तेव्हा “मूळ जर्मनच वाचायला हवं” म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

अजून एक जागा मला फार जवळची. तासन्‌तास हजेरीला उभं राहायचं, तेव्हा ती मनात जर्मन कवी शिलरच्या दीर्घ कविता म्हणत असे. अर्थासाठी नव्हे, यमक आणि मात्रांसाठी, ओळीमागून ओळ बरोबर येते म्हणून. लहानपणी अंधाराच्या भीतीने रामरक्षा पुटपुटलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

फ्रीडलेंडरमध्ये छावणी दिसतच नाही, आणि म्हणून काही जण निराश होतात. जन्म 1932, प्राग. कुटुंब 1939मध्ये फ्रान्सला पळालं. 1942मध्ये पोराला कॅथलिक शाळेत ठेवलं, बाप्तिस्मा झाला, पावेल या मूळ नावाचा पॉल-आन्री फेर्लां झाला. एकदा तो शाळेतून पळून इस्पितळात आईवडिलांकडे पोचतो आणि खाटेचे गज घट्ट धरून ठेवतो. रडू न फुटता त्यांनी माझी बोटं सोडवली कशी, असं तो मोठेपणी विचारतो. दोघे नंतर स्वित्झर्लंडची सीमा ओलांडून गेले. तिथून त्यांना परत पाठवलं, पुढे आउश्वित्झ. त्या दिवसांत बरोबर लहान मूल असलेल्या जोडप्यांना स्विस पोलीस आत घेत होते. यांनी मूल सुरक्षित राहावं म्हणून मागे ठेवलेलं.

मुलगा मात्र त्या खोट्या नावात मुरला, जेसुइट पंथाचा पाद्री व्हायला निघाला. 1946मध्ये एका पाद्र्यानेच त्याला आउश्वित्झबद्दल सांगितलं, तेव्हा कुठे तो परत ज्यू झाला. पुस्तकात मध्ये मध्ये 1977च्या जेरुसलेममधल्या नोंदी येतात, त्यामुळे धागा तुटल्यासारखा होतो. पुढे तो या संहाराचा मोठा इतिहासकार झाला, 2008चं पुलित्झर मिळालं. पण इथे इतिहासकाराची पकड नाही, चाचपडणं आहे. मला आवडलं, सगळ्यांना आवडेल याची खात्री नाही.

एक सावधगिरी. जुन्या पुस्तकांच्या ढिगात विल्कोमिर्स्कीचं ‘फ्रॅगमेंट्स’ हाताला लागू शकतं. 1995मध्ये ते खरं आत्मकथन म्हणून गाजलं आणि तीन वर्षांतच बनावट ठरलं. लेखक स्वित्झर्लंडमध्येच जन्मलेला, ज्यूही नव्हे. लांडग्यांच्या कळपात राहिलेल्या मुलीची मिशा डेफॉन्सेकाची ‘आठवण’ही तशीच, 2008मध्ये तिने स्वतःच कबूल केलं. दोन्ही स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका.

तर, यातलं आजवर काहीच वाचलं नसेल आणि एकट्याने वाचणार असाल तर ‘नाइट’. दहावीतल्या मुलांनाही देता येईल, पण त्यात एका पोराला फाशी देतात तो प्रसंग आहे, घरात कोणीतरी मोठं बोलायला हवं. फ्रीडलेंडर दुसरं किंवा तिसरं पुस्तक म्हणून. कट्ट्यासाठी मात्र क्लूगरच. वीझेल वाचून माणसं गप्प होतात, आणि दोन तास गप्प बसायला कट्टा कशाला भरवायचा? क्लूगर भांडायला लावते. आई-लेकींनी एकत्र येऊ नये, एवढं मी सांगून ठेवते.

माझ्याकडे प्रत एकच आहे, पेन्सिलच्या खुणांनी भरलेली. चालत असेल त्याने रविवारी घेऊन जावी.